प्राध्यापकाच्या बढतीची फाईल कशी तपासावी: कॅसचं काम पहिल्यांदाच हाती आलेल्यांसाठी

आयक्यूएसीचं, म्हणजे महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचं, काम अंगावर आलं की पहिल्या आठवड्यातच कुणीतरी सहकारी स्पायरल बाइंडिंग केलेली जाडजूड फाईल टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "सर, माझी प्लेसमेंट ड्यू आहे, जरा बघता का?" मुंबईतल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी आठ वर्षं हे काम केलं. पहिली फाईल उघडली तेव्हा नेमकं काय बघायचं हेच मला कळेना. दीडशे पानं होती, त्यातली साठेक वेगवेगळ्या वेबिनारची प्रमाणपत्रं, आणि जे हवं होतं ते वेळापत्रक कुठेच नव्हतं.

तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की झाली. या कामात माप वर्षाचं असतं. फाईल किती जाड आहे याला काही अर्थ नाही. माणसाने एकेका वर्षात काय शिकवलं, काय केलं, काय लिहिलं हे वर्षावर्षाने वाचता आलं, तर निर्णय बहुतेक वेळा आपोआप समोर येतो. पुढचं सगळं त्या वाचनाबद्दल आहे.

आधी शब्द आणि नियम

शासकीय कागदात याला 'स्थाननिश्चिती' म्हणतात, स्टाफरूममध्ये 'प्लेसमेंट', आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) भाषेत करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम, म्हणजे कॅस. तिन्ही एकच. रिकामी जागा निघाली म्हणून मिळणारी ही बढती नाही. ती त्या व्यक्तीची असते. शिक्षक निवृत्त झाला की जागा पुन्हा मूळ पदावर येते. म्हणून "एकाला दिली तर दुसऱ्याची जाईल" असा विचार इथे लागू होत नाही, आणि तो समितीत कुणी बोलून दाखवला तर तिथेच थांबवा.

सध्याचा आधार म्हणजे यूजीसीचे १८ जुलै २०१८ चे विनियम आणि ते राज्यात लागू करणारा ८ मार्च २०१९ चा महाराष्ट्र शासनाचा निर्णय. दोन्हींची छापील प्रत जवळ ठेवा, खुणा करून. एखाद्याची पात्रता तारीख त्याआधीची असेल, तर २०१० चे विनियम आणि त्यांतले एपीआय गुण (शिक्षकाच्या कामगिरीचे तेव्हाचे गुण) समोर येतात. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने नव्या विनियमांचा मसुदा काढला आणि स्टाफरूममध्ये त्यावर खूप चर्चा झाली. मसुद्यावरून फाईल तपासायची नसते. पात्रता पूर्ण झाली त्या तारखेला जो नियम लागू होता, त्याच्याच फुटपट्टीने मोजायचं.

महाविद्यालयीन शिक्षकासाठी चार पायऱ्या आहेत. सहायक प्राध्यापक वेतनाच्या लेव्हल १० वर रुजू होतो. पीएच.डी. असेल तर ४ वर्षांनी, एम.फिल. किंवा एलएल.एम., एम.टेक. यांसारखी व्यावसायिक पदव्युत्तर पदवी असेल तर ५ वर्षांनी, नाहीतर ६ वर्षांनी लेव्हल ११. तिथून ५ वर्षांनी लेव्हल १२. पुढे ३ वर्षांनी लेव्हल १३ए, म्हणजे सहयोगी प्राध्यापक, आणि इथे पीएच.डी. सक्तीची. आणखी ३ वर्षांनी लेव्हल १४, म्हणजे प्राध्यापक. विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांत, म्हणजे कलिना किंवा फोर्टला शिकवणाऱ्यांसाठी, अटी याहून कडक आहेत. तिथे सहयोगी प्राध्यापक होतानाच ७० संशोधन गुण लागतात. महाविद्यालयाची फाईल विद्यापीठाच्या तक्त्याने तपासण्याची चूक मी झालेली पाहिली आहे, म्हणून आधीच सांगतो.

पैशाचा हिशेब एकदा स्वतः करून बघा

तपासणाऱ्याला रकमेचं भान असलं पाहिजे. पीएच.डी. घेऊन रुजू झालेल्या शिक्षकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. चार वेतनवाढींनंतर ते ६४,९०० होतं. बढती मिळाली की त्याच लेव्हलमध्ये एक काल्पनिक वेतनवाढ देतात, म्हणजे ६६,८००, आणि मग नव्या लेव्हलमधला तेवढाच किंवा त्याच्या वरचा आकडा धरतात. लेव्हल ११ सुरूच ६८,९०० पासून होते, म्हणून मूळ वेतन ६८,९००. पाच वर्षांनी ते ७९,९०० होतं, आणि लेव्हल १२ मध्ये जाताना ८४,७००. आणखी तीन वर्षांनी ९२,५००. आता पुढची पायरी बघा. लेव्हल १३ए चा पहिलाच आकडा १,३१,४०० आहे.

एका रात्रीत मूळ वेतनात ३८,९०० रुपयांचा फरक, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडं वेगळं. डोंबिवली-बदलापूरहून रोज लोकलने येणाऱ्या, घराचे हप्ते फेडणाऱ्या माणसाच्या आयुष्यात ही रक्कम काय असते हे वेगळं सांगायला नको. म्हणूनच या पायरीवर दबाव सर्वांत जास्त येतो आणि कच्चे शोधनिबंधही इथूनच दिसायला लागतात. आणि इथेच कुणाची तारीख विनाकारण सहा महिने पुढे ढकलली, तर ते नुकसान पुढच्या प्रत्येक पायरीला चिकटून राहतं.

एक कोरा कागद घ्या आणि तारखांची रेघ काढा

फाईल उघडण्याआधी हे करा. कागदावर आडवी रेघ ओढा. डाव्या टोकाला रुजू झाल्याची तारीख, सेवापुस्तकातली. मग विद्यापीठाच्या मान्यतापत्राची तारीख. पीएच.डी. जाहीर झाल्याच्या अधिसूचनेची तारीख. शिक्षकाने केलेल्या प्रत्येक प्रशिक्षण अभ्यासक्रमाची सुरुवात आणि शेवट. रजा. आधीची स्थाननिश्चिती झाली असेल तर ती ज्या तारखेपासून लागू झाली ती तारीख (ज्या दिवशी पत्र मिळालं ती नव्हे). मग पात्रता तारीख काढा आणि लाल शाईने लिहा.

माझी स्वतःची पहिली प्लेसमेंट चौदा महिने उशिरा लागली. वर्षं भरली होती, शिकवणं व्यवस्थित होतं, पण ओरिएंटेशन, म्हणजे पहिल्या बढतीसाठी सक्तीचा प्रशिक्षण अभ्यासक्रम, मी पात्रता तारखेनंतर चौदा महिन्यांनी केलं. आधी करा, असं कार्यालयात कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. अट ज्या दिवशी पूर्ण होते त्या दिवसापासून बढती लागते, आणि ते चौदा महिने मला परत मिळाले नाहीत. आज माझ्या टेबलावर तरुण सहकारी आला की मी आधी ही रेघ काढतो. फाईल नंतर बघतो.

तासिका तत्त्वावर काढलेली वर्षं धरायची का, हा प्रश्न मुंबईत प्रत्येक दुसऱ्या फाईलला येतो. विनियमांत आधीची तात्पुरती सेवा मोजायची सोय आहे, पण अटींवर: रीतसर निवड समितीमार्फत नेमणूक झालेली हवी, त्या वेळी पात्रता पूर्ण असावी, आणि एकूण मासिक वेतन नियमित शिक्षकापेक्षा कमी नसावं. तासिका तत्त्वावर काम केलेले शिक्षक या शेवटच्या अटीशी अडतात. हे सांगताना जीव तुटतो, कारण कित्येकांनी सात-आठ वर्षं तसं शिकवलेलं असतं. तरी खोटी आशा लावू नका. दुसऱ्या महाविद्यालयातली पूर्ण वेतनाची नियमित सेवा मात्र आवर्जून मोजा, ती विसरली जाते.

शिकवणं: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

प्रत्येक वर्षासाठी नियम एकच गुणोत्तर मागतो. नेमून दिलेल्या तासांपैकी किती तास घेतले. ८० टक्के किंवा जास्त असेल तर 'चांगले', ७० ते ८० च्या आत असेल तर 'समाधानकारक', ७० च्या खाली 'असमाधानकारक'.

सोपं वाटतं, पण भागाकार ज्या आकड्याने करायचा त्या खालच्या आकड्यात सगळी गोम आहे. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन असतं. मुंबई विद्यापीठात वर्षानुवर्षं लेक्चर ४८ मिनिटांचं, म्हणजे आठवड्याला २० लेक्चरं. ३० आठवड्यांचं वर्ष धरलं तर ६०० लेक्चरं. ज्या वर्षी तुमच्याकडे साठ मिनिटांची तासिका सुरू झाली, त्या वर्षापासून आकडा बदलतो. एकाच फाईलमध्ये काही वर्षं ४८ मिनिटांची आणि काही ६० ची असतील तर दोन्ही एका रांगेत मांडू नका.

तीन कागद शेजारी शेजारी ठेवा: प्राचार्यांच्या सहीचं त्या वर्षीचं वेळापत्रक, शिक्षकाची रोजची टीचिंग डायरी, आणि हजेरीचं मस्टर. डायरीत लेक्चर घेतल्याची नोंद आणि मस्टरवर त्याच दिवशी किरकोळ रजा, असं कधीकधी दिसतं. बहुतेक वेळा ती घाईत, महिनाअखेरीला डायरी भरण्याची चूक असते. विचारा, दुरुस्त करून घ्या, टिपण ठेवा. प्रत्येक महिन्यात तसंच दिसलं तर मात्र प्राचार्यांना सांगावं लागेल.

आपल्या शहरात लेक्चर बुडण्याची कारणंही ओळखून घ्या. अतिवृष्टीचा इशारा आला आणि सुट्टी जाहीर झाली, निवडणुकीचं काम लागलं, परीक्षेच्या पर्यवेक्षणाला किंवा पेपर तपासायला पाठवलं. अशा दिवसांचा आदेश फाईलला जोडलेला असावा. शिक्षकाने स्वतःहून तास टाळला का दुसऱ्या सरकारी कामावर गेला, हे कागदावर दिसलं पाहिजे. नंतर जादा लेक्चर घेतलं असेल तर तेही मोजायला हवं, आणि त्याची नोंद त्याच आठवड्याची असावी.

रजेबद्दल नियम स्पष्ट आहे आणि तरी सर्वांत जास्त अन्याय इथेच होतो. प्रसूती रजा, बालसंगोपन रजा, अभ्यास रजा, वैद्यकीय रजा, असाधारण रजा, प्रतिनियुक्ती, यांचा काळ मूल्यमापनातून वगळायचा असतो. उरलेल्या काळात जे काम झालं त्याच प्रमाणात संपूर्ण काळाचं मूल्यमापन करायचं. अट एवढीच, की रजा सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घेऊन घेतलेली असावी.

एका महाविद्यालयात इतिहासाच्या मॅडमच्या फाईलवर एका वर्षी ४३.५ टक्के लिहिलं होतं आणि समोर 'असमाधानकारक'. मी वेळापत्रक मागवलं. त्या वर्षी एक पूर्ण सत्र त्या प्रसूती रजेवर होत्या. उरलेल्या सत्रात त्यांना ३०० लेक्चरं होती, त्यांपैकी त्यांनी २६१ घेतली होती. म्हणजे ८७ टक्के. तपासणाऱ्याने २६१ ला ६०० ने भागलं होतं. त्यात द्वेष नव्हता. एक्सेलच्या तक्त्यात सगळ्यांना एकच खालचा आकडा टाकला होता एवढंच. पण त्या एका आकड्यामुळे त्यांचं एक वर्ष हातचं गेलं असतं, तेही बाळंतपणासाठी. त्या दिवसापासून मी सामाईक तक्ता वापरणं बंद केलं. प्रत्येक शिक्षकाच्या प्रत्येक वर्षाचा खालचा आकडा वेगळा लिहायचा.

बाकीची कामं

शिकवण्याच्या जोडीला नियम काही कामांची यादी देतो: प्रशासकीय जबाबदारी, परीक्षेचं काम, विद्यार्थ्यांचे सहशैक्षणिक उपक्रम, विस्तारकार्य, चर्चासत्रांचं आयोजन, पीएच.डी.चं मार्गदर्शन, संशोधन प्रकल्प, किमान एक प्रकाशित शोधनिबंध. वर्षात तीन किंवा जास्त कामं असतील तर 'चांगले', एक-दोन असतील तर 'समाधानकारक'. एनएसएस चालवणारा, विद्यार्थ्यांना घेऊन पालघरच्या पाड्यावर सात दिवसांचं शिबिर करून येणारा शिक्षक इथे सहज बसतो. पुरावा म्हणून प्राचार्यांचं नियुक्तीपत्र आणि एक छोटा अहवाल पुरे. फोटोंचे ढीग मागू नका.

वर्षाचा एकूण शेरा दोन्ही मिळून ठरतो. शिकवणं 'चांगले' आणि कामं किमान 'समाधानकारक' असतील तर वर्ष 'चांगले'. शिकवणं 'समाधानकारक' असेल तर कामं कितीही असली तरी वर्ष 'समाधानकारक'च. पहिल्या पायरीला चारांपैकी तीन, पाचांपैकी चार, किंवा सहांपैकी पाच वर्षं या दोनपैकी एका शेऱ्याची हवीत. पुढच्या पायरीला पाचांपैकी चार. वरच्या दोन्ही पायऱ्यांना तीनपैकी दोन. म्हणजे एक वाईट वर्ष नियमानेच माफ केलं आहे. आजारपण, घरातला मृत्यू, कशाने का होईना, प्रत्येकाचं एखादं वर्ष जातं. ते एक वर्ष धरून सहकाऱ्याला समितीत खजील करू नका.

अभ्यासक्रम

ही तपासणी अर्ध्या तासाची आहे. पहिल्या पायरीला २१ दिवसांचं ओरिएंटेशन आणि किमान एका आठवड्याचा आणखी एक कार्यक्रम किंवा एक मूक्स (ऑनलाइन) अभ्यासक्रम. पुढे दोन आठवड्यांचे रिफ्रेशर, म्हणजे उजळणीचे अभ्यासक्रम. प्रत्येक प्रमाणपत्रावर फक्त दोन गोष्टी बघा: दिवस किती, आणि तारखा मूल्यमापनाच्या काळातल्या आहेत का. दोन तासांच्या वेबिनारची चाळीस प्रमाणपत्रं मिळून एक रिफ्रेशर होत नाही. आधीच्या बढतीला वापरलेलं प्रमाणपत्र पुन्हा जोडलेलं असतं, तेही पाहा. म्हणूनच जुनी फाईल कपाटातून काढून ठेवायची.

संशोधन: मोजण्याआधी वाचा

महाविद्यालयात प्राध्यापकपदासाठी एकूण किमान १० शोधनिबंध लागतात, त्यांतले ३ मूल्यमापनाच्या काळातले, आणि ११० संशोधन गुण. हे गुण कसे जमतात ते एका वाणिज्य शाखेच्या शिक्षकाचं उदाहरण मनात धरून बघू.

भाषा, सामाजिक शास्त्रं, वाणिज्य यांत एका निबंधाला १० गुण, विज्ञानात ८, आणि नियतकालिकाला इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या निबंधांचा इतरत्र किती उल्लेख होतो त्याचं माप) असला तर वरून भर. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. तीन किंवा जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के. आपल्या शिक्षकाचे सहा निबंध एकट्याचे, म्हणजे ६०. चार निबंध दोघांनी मिळून लिहिलेले, म्हणजे २८. राष्ट्रीय प्रकाशकाचं एक पुस्तक १०, संपादित ग्रंथातलं एक प्रकरण ५. एका विद्यार्थ्याला पीएच.डी. मिळाली, १०. राज्य पातळीवरची सहा निमंत्रित व्याख्यानं, प्रत्येकी २ प्रमाणे १२. बेरीज १२५. नियमातल्या गुणांच्या सहा गटांपैकी किमान तीन गटांतून गुण यायला हवेत, ते आले. व्याख्यानं आणि धोरणविषयक दस्तऐवज यांचे मिळून एकूण गुणांच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाहीत, त्या मर्यादेतही तो बसतो. फाईल चोख दिसते.

आता त्या सहांपैकी दोन निबंध अशा नियतकालिकातले निघाले, जिथे पैसे भरले की चार दिवसांत लेख छापून मिळतो. वीस गुण गेले, उरले १०५. निबंध दहाचे आठ झाले. दोन्ही अटी तुटल्या. या शिक्षकाची बढती त्या दोन लेखांवर उभी होती, आणि ते तुमच्या आधी कुणी उघडूनही पाहिले नव्हते.

म्हणून उघडा. २०१९ पासून यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, होती, तेव्हा काम तुलनेने सोपं होतं. प्रकाशनाच्या तारखेला नियतकालिक यादीत होतं का, एवढं बघायचं. तरीसुद्धा खऱ्या नियतकालिकाच्या नावाने चालवलेल्या नकली संकेतस्थळांनी अनेकांना फसवलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती यादी बंद केली आणि निवडीची जबाबदारी संस्थांवर टाकली, म्हणजे तुमच्या-माझ्यावर.

मी असं करतो. नियतकालिकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन त्या अंकाची अनुक्रमणिका उघडतो आणि निबंध तिथे आहे का बघतो. शिक्षकाने दिलेल्या लिंकवरून जात नाही, आयएसएसएन (नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) पोर्टलवर क्रमांक शोधून तिथून जातो. संपादक मंडळातल्या दोन-तीन जणांच्या विद्यापीठाच्या पानावर या नियतकालिकाचा उल्लेख आहे का तपासतो. एकाच अंकात मराठी कविता, सिमेंटची ताकद आणि मधुमेह असे निबंध शेजारी शेजारी असतील तर तज्ज्ञांकडून परीक्षण झालं असेल यावर माझा विश्वास बसत नाही. परीक्षकांच्या अभिप्रायाचा ईमेल शिक्षकाकडे मागतो. खऱ्या परीक्षणातून गेलेल्या माणसाकडे तो जपून ठेवलेला असतो, कारण त्या शेऱ्यांनी त्याला महिनाभर रडवलेलं असतं.

आणि निबंध वाचा. आपल्या विषयाबाहेरचा असला तरी पहिली दोन पानं आणि शेवट वाचा. मराठीत लिहिलेला निबंध दिसला की काही तज्ज्ञ भुवया उंचावतात. त्यांना तिथेच सांगा की विनियमांत भाषेची अट नाही, परीक्षणाची आहे. गिरणगावातल्या खानावळींवर किंवा वसईच्या बोलीवर मराठीत नीट काम केलेलं असेल, तर ते इंग्रजीत लिहिलेल्या उसन्या निबंधापेक्षा मला कितीतरी मोलाचं वाटतं, आणि मी समितीत तसं बोलतो.

शंका आली तर समितीच्या दिवशी सगळ्यांसमोर काढू नका. महिनाभर आधी शिक्षकाला बोलवा, चहा मागवा, दार लावा, आणि विचारा. पुष्कळ जण खरोखर फसलेले असतात. दोन निबंध काढून टाकून, पात्रतेची तारीख पुढे नेऊन, पुढच्या निबंधासह अर्ज करायला सांगणं हे त्यांच्याही हिताचं असतं. नियमात एक कलम आहे जे त्यांना नक्की वाचून दाखवा: पहिल्या मूल्यमापनात नापसंत ठरलं तर पुन्हा विचार एक वर्षानंतरच होतो, आणि यश आलं तरी बढती नकाराच्या तारखेपासून एक वर्षाने धरली जाते. कच्ची फाईल तशीच समितीपुढे नेणं हा उपकार नाही.

समितीच्या दिवशी

लेव्हल ११ आणि १२ साठी छाननी आणि मूल्यमापन समिती असते: प्राचार्य, विभागप्रमुख आणि कुलगुरूंनी नेमलेले दोन विषयतज्ज्ञ. सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकपदासाठी निवड समिती, तिच्यात संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांचे प्रतिनिधी, कुलगुरूंनी नेमलेले सदस्य आणि बाहेरचे तज्ज्ञही येतात. शिक्षक पात्रता तारखेच्या तीन महिने आधीपासून अर्ज करू शकतो आणि अर्ज आल्यापासून सहा महिन्यांत प्रक्रिया संपवायची असते. तज्ज्ञांची नावं यायला वेळ लागतो, म्हणून पत्रव्यवहार लवकर सुरू करा. तज्ज्ञ ठाण्याहून किंवा रत्नागिरीहून येणार असतील तर पावसाळ्यातली तारीख शक्यतो टाळा.

तुम्ही तयार केलेला एकपानी तक्ता सगळ्यांपुढे ठेवा: वर्ष, नेमलेली लेक्चरं, घेतलेली लेक्चरं, टक्केवारी, कामं, शेरा, पुरावा कोणत्या पानावर. तज्ज्ञांना फाईल चाळण्यात वेळ घालवावा लागला नाही तर ते माणसाशी बोलतात.

आणि त्यांना बोलायला लावा. नियम लेक्चर घेतलं की नाही एवढंच मोजतो, ते कसं घेतलं हे मोजत नाही. ही त्याची मोठी उणीव आहे आणि ती भरून काढायची जागा हीच. गेल्या वर्षी शिकवलेला एखादा घटक कसा शिकवला ते विचारा. मराठी माध्यमातून आलेली एफ.वाय.ची मुलं इंग्रजी पुस्तकासमोर गप्प होतात, तेव्हा काय केलं ते विचारा. स्वतः काढलेल्या दोन चाचणी प्रश्नपत्रिका आणायला सांगा. चांगल्या शिक्षकाच्या प्रश्नपत्रिकेत दरवर्षी काहीतरी बदललेलं दिसतं. आमच्याकडे अर्थशास्त्राचे एक सर होते, निबंध जेमतेम अटीपुरते, पण चाचणीचे सगळे पेपर तपासून आठवड्यात परत द्यायचे आणि प्रत्येकावर दोन ओळी लिहायचे. बाहेरून आलेल्या तज्ज्ञ मॅडमनी ते पेपर हातात घेतले आणि दहा मिनिटं काही बोलल्याच नाहीत. मग शिफारशीत त्यांनी ते स्वतःच्या अक्षरात लिहिलं.

विद्यार्थ्यांचे अभिप्राय वाचा, पण सरासरीचा आकडा पुढे करू नका. कडक शिक्षकाला कमी गुण मिळतात. मोकळ्या रकान्यात मुलांनी लिहिलेल्या वाक्यांत जास्त कळतं. एकच तक्रार तीन वर्षं वेगवेगळ्या वर्गांतून आली असेल, तर ती खरी आहे असं धरून प्राचार्यांशी आधी बोला.

अर्जदार तुमचा नातेवाईक, मार्गदर्शक, सहलेखक किंवा उघड विरोधक असेल तर त्या फाईलवरून स्वतःहून बाजूला व्हा आणि तसं इतिवृत्तात नोंदवा. संघटनेतल्या कामामुळे, प्राचार्यांशी भांडण झालं म्हणून किंवा जातीमुळे कुणाची फाईल रेंगाळते आहे असं दिसलं, तर वर्षावर्षाचा तक्ता हेच तुमचं हत्यार. तक्ता पूर्ण असला की "जरा बघू" असं म्हणणाऱ्याला नेमकं काय बघायचं आहे ते लेखी सांगावं लागतं.

निर्णय लिहिताना

शिफारस असेल तर तारीख लिहा: अमुक तारखेपासून लेव्हल ११. "पात्रता तारखेपासून" असं मोघम लिहिलेलं इतिवृत्त वेतननिश्चितीच्या टेबलावरून हमखास परत येतं. सगळ्या सदस्यांच्या सह्या त्याच दिवशी, त्याच खोलीत घ्या.

शिफारस नसेल तर कारण नियमाच्या भाषेत लिहा. "संशोधन समाधानकारक नाही" हे कारण नाही. "१० निबंध आवश्यक, ८ ग्राह्य, अमुक दोन निबंध परीक्षणाचा पुरावा नसल्याने अग्राह्य" हे कारण आहे. ते वाचून शिक्षकाला पुढच्या वर्षी नेमकं काय करायचं ते कळतं. आणि ते पत्र शिपायाकडून पाठवू नका, स्वतः जाऊन द्या.

त्यानंतरचा प्रवास

इतिवृत्त आणि फाईल विद्यापीठाकडे मान्यतेसाठी जाते. मान्यता आली की अनुदानित महाविद्यालयाची फाईल वेतननिश्चितीसाठी उच्च शिक्षण सहसंचालकांच्या मुंबई विभागाच्या कार्यालयात, धोबी तलावला. सेवापुस्तक सोबत लागतं, आणि त्यातली प्रत्येक नोंद सही-शिक्क्यानिशी पूर्ण आहे का ते नेण्याआधी पानापानाने बघा. एका वेतनवाढीची नोंद राहिलेली असली तरी पुढचे सगळे आकडे अडतात. मूळ प्रमाणपत्रं तिकडे ठेवून येऊ नका, साक्षांकित प्रती द्या आणि पोच घ्या.

वेतननिश्चिती होऊन सेवार्थ या शासनाच्या वेतनप्रणालीत नवं मूळ वेतन दिसलं की थकबाकीचा तक्ता लेखापालांसोबत बसून तपासा, वर दिलेल्या पद्धतीने, प्रत्येक वर्षाची वेतनवाढ धरून. मग त्या शिक्षकाचा तारखांचा जुना कागद काढा, नव्या लेव्हलची तारीख त्या रेघेवर लिहा, पुढची पात्रता तारीख लाल शाईने मांडा, आणि त्याची एक झेरॉक्स त्यांच्या हातात द्या.